थीम पार्कमधली रांग आणि अपंगत्व: सवलत कशी मागावी, कशी वापरावी

अमेरिकेतल्या मोठ्या थीम पार्कांत अपंगत्वामुळे मिळणारी सवलत हा रांग चुकवायचा पास नाही. रांगेत जेवढा वेळ गेला असता, साधारण तेवढाच वेळ तुम्हीही थांबता. फक्त रांगेबाहेर थांबता. हे ध्यानात घेऊन मागणी केली तर ती मान्य होण्याची शक्यता वाढते आणि मिळालेली सवलत नीट वापरता येते. शेजारच्या रांगेतून कुणी रोखून पाहिलं तरी संकोच वाटत नाही. फ्लोरिडातल्या ऑरलँडोला किंवा कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत: तिथेच स्थायिक झालेली, आणि सुट्टीत आजी-आजोबांना, नातवंडांना घेऊन भारतातून जाणारीही. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. नियम वारंवार बदलतात, म्हणून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावरचं अपंगांच्या सोयींचं पान एकदा वाचाच.

नियम इतके कडक का झाले

डिस्नेच्या पार्कांत २०१३ पर्यंत 'गेस्ट असिस्टन्स कार्ड' चालायचं. कार्ड दाखवलं की बऱ्याच राइडवर वेगळ्या दारातून जवळजवळ लगेच आत सोडत, आणि दिवसातून कितीदा, याला मर्यादा नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने बातमी दिली की काही श्रीमंत कुटुंबं पैसे मोजून अपंग व्यक्तीला 'गाइड' म्हणून सोबत नेतात आणि रांगा ओलांडतात. ९ ऑक्टोबर २०१३ पासून ते कार्ड बंद झालं आणि 'डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस', म्हणजे डास, सुरू झाली. तिचं सूत्र सोपं होतं: राइडवर आत्ता ७० मिनिटांची रांग असेल तर १० मिनिटं वजा करून ६० मिनिटांनी परत या, आणि मग जलद दारातून आत जा.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या अनेक कुटुंबांना हा बदल जाचक वाटला आणि काही जण न्यायालयात गेले. त्यातल्या एका स्वमग्न तरुणाच्या खटल्यात फ्लोरिडाच्या न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला की, त्याने मागितलेला जवळजवळ अमर्याद थेट प्रवेश गरजेचा ठरत नाही, आणि तो दिला तर पार्कच्या व्यवस्थेचं मूळ स्वरूपच बदलेल. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. 'आम्हाला लगेच आत सोडा' ही मागणी तेव्हापासून कायद्याच्या बाजूनेही कमकुवत झाली आहे. 'आम्हाला रांगेबाहेर थांबू द्या' ही मागणी मात्र अजूनही भक्कम आहे.

पुढचा मोठा बदल २०२४ चा. २० मे रोजी फ्लोरिडात आणि १८ जूनला कॅलिफोर्नियात डिस्नेने डासची व्याख्या आवळली. स्वमग्नतेसारख्या किंवा तशाच विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत जास्त वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच ही सेवा आहे, असं आता लिहिलेलं आहे. क्रोन्ससारखे आतड्याचे आजार, कर्करोगावरचे उपचार, उभं राहिल्यावर चक्कर येणारे आजार, अशा अनेकांना तेव्हापासून नकार मिळू लागला. त्यावरून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक दावाही दाखल झाला. आतड्याच्या आजाराचा माणूस आणि स्वमग्न मूल यांच्या गरजा वेगळ्या आहेत हे खरं. पण पहिल्याची गरज त्यामुळे कमी ठरत नाही, आणि ही व्याख्या नको तितकी अरुंद झाली आहे.

एका कुटुंबामुळे रांग किती लांबते

न्यायाची चर्चा हवेत होऊ नये म्हणून एक हिशोब मांडू. समजा, एका राइडची क्षमता तासाला १,२०० माणसं आहे. जलद दाराला त्यातल्या ७० टक्के जागा दिल्या, तर साध्या रांगेला, म्हणजे स्टँडबायला, तासाला ३६० जागा उरतात. स्टँडबायमध्ये ६०० माणसं असतील तर शेवटच्याला १०० मिनिटं लागतील. जलद दार नसतं तर त्याच ६०० जणांचं काम ३० मिनिटांत आटोपलं असतं. (अर्थात जलद दाराची माणसंही मग याच रांगेत आली असती, म्हणून रांग ६०० ची राहिली नसती.)

आता चार जणांचं एक कुटुंब मध्येच आत सोडलं तर राइडची १२ सेकंदांची क्षमता खर्च होते. मागच्या ६०० जणांना प्रत्येकी १२ सेकंद उशीर, म्हणजे सगळ्यांचे मिळून दोन तास. एका फेरीपुरतं हे कुणाला जाणवतही नाही. पण जुन्या कार्डावर तेच कुटुंब त्या १०० मिनिटांत सात-आठ फेऱ्या मारू शकत होतं, आणि अशी कुटुंबं शेकड्यांनी असली की स्टँडबाय अक्षरशः थिजायची. परतीची वेळ दिली की हे थांबतं. ते कुटुंब रांगेत उभं राहिलं असतं तरी तेवढ्याच जागा घेणार होतं, म्हणून मागच्यांचं नुकसान जवळपास शून्य होतं.

जलद दारातून जाणारे सगळेच लोक डासवाले नसतात, हेही रांगेतल्यांनी लक्षात ठेवावं. डिस्नेची 'लायटनिंग लेन' पैसे देऊन विकत मिळते. जुलै २०२४ पासून तिचे मल्टी पास आणि सिंगल पास आहेत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सर्वांत महागडा प्रीमियर पास आला. डासवाले त्याच दारातून आत येतात. विकत घेतलेल्या पासमुळे लांबलेल्या रांगेचा राग स्वमग्न मुलाच्या आईवर काढणं सर्वस्वी चुकीचं आहे.

उलट बाजूने एक आक्षेप येतो: परतीच्या वेळेपर्यंत डासवाले दुसऱ्या राइडवर जातात, म्हणजे एकाच वेळी दोन रांगांत असतात. काही अंशी खरं आहे, आणि नियमांना ते मान्यही आहे. पण ज्याला रांगेत उभं राहताच येत नाही तो दुसऱ्या लांब रांगेत कसा उभा राहणार? तो वेळ बहुधा शांत कोपऱ्यात, स्वच्छतागृहात किंवा खाण्यात जातो. शिवाय अशा कुटुंबांचा पार्कातला दिवसच छोटा असतो. बाकीचे १२ तास फिरतात, ही मंडळी चार-पाच तासांत हॉटेलवर परततात. राइडमागे थांबण्याचा वेळ सारखा ठेवला तरी दिवसभराच्या राइड निम्म्याहूनही कमी होतात. खटले भरणाऱ्यांचं मूळ दुखणं हेच होतं, आणि परतीच्या वेळेचं सूत्र ते पूर्णपणे सोडवत नाही.

आधी गरज ओळखा, मग सोय मागा

पुष्कळ नकार चुकीची सोय मागितल्यामुळे येतात. आजोबांना चालवत नाही म्हणून डास मागितली तर ती मिळणार नाही, कारण त्यांची अडचण अंतराची आहे. त्यांना व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची स्कूटर हवी. फ्लोरिडातल्या बहुतेक रांगा चाकाची खुर्ची जाईल इतक्या रुंद आहेत, त्यामुळे खुर्चीतली व्यक्ती सगळ्यांबरोबर त्याच रांगेतून जाते. कॅलिफोर्नियातला मूळ पार्क १९५५ चा. तिथल्या काही जुन्या अरुंद रांगांत खुर्ची शिरत नाही. त्या राइडच्या दाराशीच परतीची वेळ लिहून देतात. त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही.

पोटाचा किंवा मूत्राशयाचा त्रास असेल, मधुमेहामुळे मध्येच बाहेर पडावं लागत असेल, तर रांगेतून बाहेर पडून परत येण्याची सोय मागा. आत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं की मला मध्येच बाहेर जावं लागू शकतं, परत कुठून यायचं? घरचे लोक रांगेत पुढे सरकतात आणि ती व्यक्ती नंतर ठरलेल्या जागी त्यांना मिळते. हे आधी न सांगता अर्ध्या रांगेतून बाहेर पडलात, तर परत येताना पन्नास माणसांना 'एक्स्क्यूज मी' म्हणत घुसावं लागतं आणि भांडणं होतात. आजारी व्यक्ती एकटी किंवा लहान मुलाबरोबर एकटीच असेल तर जागा धरायला कुणी नसतं. ते दारावरच स्पष्ट सांगा, म्हणजे दुसरा मार्ग काढता येतो.

'रायडर स्विच' ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. कुटुंबातली एक व्यक्ती राइडवर जाऊ शकत नाही आणि तिला एकटंही सोडता येत नाही, अशा वेळी एक मोठं माणूस तिच्याजवळ थांबतं आणि बाकीचे जाऊन येतात. मग थांबलेलं माणूस पुन्हा पूर्ण रांग न लावता जलद दारातून जातं. याला कसलंही प्रमाणपत्र लागत नाही. स्मृतिभ्रंश झालेली आजी सोबत असेल तर डासपेक्षा हीच सोय जास्त कामाची.

गर्दी, गोंगाट, बंदिस्त जागा किंवा 'किती वेळ?' हे न कळणं सोसत नाही, आणि त्यामुळे रांगेतच थांबता येत नाही, अशांसाठी डास.

व्हिडिओवरची मुलाखत

डासची नोंदणी सहलीच्या आधी व्हिडिओ कॉलवर होते. फ्लोरिडासाठी ती व्हिडिओवरच करावी लागते, कॅलिफोर्नियात फाटकाबाहेरच्या खिडकीवर समोरासमोरही करता येते. पार्कात पोहोचल्यावर करू म्हणून थांबू नका, कारण तिथला पहिला दिवस त्यातच जातो. किती दिवस आधी नोंदणी खुली होते आणि ती किती दिवस टिकते, हे आकडे डिस्ने बदलत असते, म्हणून ते ताजेच पाहावेत. भारतातून कॉल करणार असाल तर फ्लोरिडा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. म्हणजे तिथली सकाळ ही आपली संध्याकाळ. मूल दमून पेंगायच्या आत कॉल लागेल असं पाहा.

तयारी अशी करा. सगळ्यांची तिकिटं ॲपमध्ये एकाच खात्याला जोडून ठेवा. ज्याच्यासाठी सेवा हवी ती व्यक्ती कॉलच्या वेळी समोर हवी, कारण तिचा फोटो काढला जातो. अठराच्या आतील मुलासाठी पालक बोलतात. त्या व्यक्तीसह एकूण चार जण किंवा जवळचं कुटुंब जोडता येतं. चुलत-मावस मिळून अकरा जणांचा गोतावळा एका नोंदणीवर जाणार नाही, तेव्हा कोण कोण हे आधी घरातच ठरवून टाका. डिस्ने वैद्यकीय कागद मागत नाही. सगळा भर बोलण्यावर असतो.

आणि बोलण्यातच आपली माणसं कमी पडतात. परक्यासमोर मुलाची अडचण सांगायची म्हटली की 'तसा शहाणा आहे हो तो, थोडासाच त्रास आहे' असं तोंडून निघून जातं. घरातली झाकायची सवय इथे नडते. कॉलवर मूल आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत शांत बसलेलं असतं. कर्मचाऱ्याला तेवढंच दिसतं. रांगेत काय होतं ते तुम्ही सांगितलं नाही तर त्याला कळणार कसं?

नुसत्या निदानाचं नाव पुरत नाही. 'त्याला ऑटिझम आहे, म्हणून डास हवी' या वाक्यातून गरज समजत नाही. चार गोष्टी सांगा: रांगेत नेमकं काय घडतं, किती वेळाने घडतं, तुम्ही काय काय करून पाहिलं, आणि त्यातून सावरायला किती वेळ लागतो. उदाहरणार्थ: दोन्ही बाजूंना माणसं असलेल्या अरुंद रांगेत १० ते १५ मिनिटांनी तो जमिनीवर आडवा होतो आणि स्वतःचा हात चावतो. आवाज कमी करणारे हेडफोन, टॅब्लेट, आवडीचा खाऊ हे सगळं विमानतळाच्या तपासणीच्या रांगेत वापरून पाहिलं. त्याने पाचेक मिनिटं निभावली. एकदा असं झालं की शांत व्हायला ४० मिनिटं लागतात आणि त्या दिवशी तो पुन्हा गर्दीत पाय ठेवत नाही. हे इंग्रजीत सहा-सात वाक्यांत लिहून समोर ठेवा. हे आकडे तुमच्या मुलाचे असले पाहिजेत, ऐकीव नकोत. आठवड्याभरात किराणा दुकानात, दवाखान्यात, देवळात घड्याळ लावून पाहा, म्हणजे खरे आकडे हाताशी येतील.

'रायडर स्विच का चालणार नाही? रांगेतून बाहेर पडून परत येणं का जमणार नाही?' असे प्रश्न नक्की येतात. कर्मचारी अविश्वास दाखवतोय असं समजून चिडू नका. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्यानुसार पार्कने 'वाजवी बदल' करायचा असतो, आणि दुसऱ्या सोयीने भागतं का हे तपासणं त्याचाच भाग आहे. उत्तर सरळ द्या: 'बाहेर पडून परत येता येईल, पण परत येतो तो त्याच रांगेत, आणि त्रास रांगेचाच आहे.'

खोटं मात्र बोलू नका, वाढवूनही सांगू नका. खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर पार्कात कायमची प्रवेशबंदी होते आणि पासचे पैसेही जातात, असं डिस्नेने लिहूनच ठेवलं आहे. आणि दर वेळी नियम आवळले की त्याचा भार अशा खऱ्या गरजूंवरच पडतो.

पार्कातला दिवस

एका वेळी एकाच राइडची परतीची वेळ हातात ठेवता येते. ती ॲपवरून, पार्कात कुठेही बसून घेता येते, आणि इथेच खरी युक्ती आहे. मुलाला राइडच्या दारापर्यंत नेऊन मग 'आता नाही, तासाभराने' म्हणालात तर तो तास सगळ्यांना जड जाईल. नाश्ता चालू असतानाच एकाने वेळ घ्यावी, आणि ती राइड वाटेतही दिसणार नाही असा रस्ता धरावा. जायची वेळ झाली की मगच तिचं नाव काढावं. पुष्कळ स्वमग्न मुलांना 'नंतर' ही कल्पनाच पेलत नाही. त्यांना नंतर असं काही आहे हे कळू न देणं हाच उपाय. ज्यांना क्रम ठरलेला लागतो त्यांच्यासाठी चित्रांची पट्टी करा: राइडचं चित्र, मग खाण्याचं, मग पुढच्या राइडचं. थांबण्याच्या वेळेलाही एक चित्र द्या. मोकळी जागा सोडलीत की 'आता काय?' सुरू होतं.

परतीची वेळ झाली की लगेच धावायची गरज नाही. त्या वेळेनंतर राइड बंद होईपर्यंत कधीही जाता येतं. दुपारी उन्हात मूल बिथरलं तर हॉटेलवर नेऊन झोपवा. वेळ वाया जात नाही. पण ती वापरल्याशिवाय किंवा रद्द केल्याशिवाय दुसरी घेता येत नाही, हे विसरू नका. ज्याच्या नावाची नोंदणी आहे त्याने स्वतः राइडवर गेलंच पाहिजे. भावंडांना पाठवून त्याला बाहेर बसवता येत नाही, आणि तसं व्हायलाही नको.

परतीची वेळ पाटीवरच्या प्रतीक्षेवरून ठरते, आणि पाटी नेहमी बरोबर नसते. रात्री बंद व्हायच्या सुमारास ४५ लिहिलेलं असतं आणि रांग २० मिनिटांत संपते. तेव्हा रांगेत किती वळणं भरली आहेत ते डोळ्यांनी पाहा. मूल १५ मिनिटं थांबू शकत असेल तर छोट्या रांगेत सरळ उभे राहा आणि डास लांब रांगेसाठी राखून ठेवा. जलद दारातही १० ते १५ मिनिटं लागतात. हेडफोन, पाणी, हातात धरायला ओळखीची एखादी वस्तू, हे आत शिरण्याआधी बॅगेतून काढून ठेवा. रांगेच्या मध्यात बॅग उपसायला जागा नसते.

चाकाच्या खुर्चीचं गणित वेगळं

खुर्चीतली व्यक्ती वेगळ्या फलाटाकडे वळली की बघणाऱ्याला वाटतं ती पुढे गेली. बहुतेकदा ती दुसऱ्यांदा थांबायला गेलेली असते. खुर्चीसकट बसता येईल अशी होडी किंवा डबा अनेक राइडवर एखाददुसराच असतो, उदाहरणार्थ 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ची खास होडी. तो फिरून येईपर्यंत थांबावंच लागतं. बिघाड झाला तर माणसांना उचलून बाहेर काढावं लागतं, म्हणून एका वेळी आत किती खुर्च्या, यालाही मर्यादा असते. पुढे दोन खुर्च्या असल्या की मुख्य रांग संपवून आणखी २०-२५ मिनिटं सहज जातात.

जाण्याआधी प्रत्येक राइडबद्दल तीनपैकी काय लागू आहे ते पाहा: खुर्चीतच बसून राहता येतं, स्कूटरवरून साध्या खुर्चीत बसावं लागतं, की खुर्ची सोडून राइडच्या आसनावर सरकावं लागतं. अमेरिकेच्या २०१० च्या सुलभतेच्या मानकांनुसार नव्या राइडमध्ये यांपैकी एक सोय हवीच: किमान ३० बाय ४८ इंचांची खुर्चीची जागा, सरकून बसण्याजोगं आसन, किंवा सरकवणारं साधन. सरकायच्या आसनाची उंची चढण्याच्या फलाटापासून १४ ते २४ इंचांच्या आत असावी लागते. कुठल्या प्रकारची सोय आहे याची पाटी रांगेच्या तोंडाशीच हवी. घरी १४ इंच उंचीच्या पलंगावर किंवा सोफ्यावर सरकून बसायची आणि तिथून परत उठायची तालीम करा. उतरणं जमतं, चढणं अडतं. आणि राइड सुटायची वेळ झालेली असते तेव्हा घाई करून खांदा दुखावतो. कर्मचारी उचलत नाहीत. उचलणारं माणूस तुमच्याच सोबत हवं.

हात किंवा पाय नसलेल्यांना काही रोलर कोस्टरवर सुरक्षेच्या कारणाने बसू देत नाहीत. कायदा म्हणतो की असा नियम प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेला असावा, निव्वळ अंदाजावर नको. तरी दारावर वाद घालून तो बदलणार नाही. पार्कची राइड सुरक्षा पुस्तिका आधीच वाचा, म्हणजे तासभर थांबून नकार ऐकायची वेळ येणार नाही.

युनिव्हर्सल आणि सिक्स फ्लॅग्ज

डिस्नेखेरीजच्या या दोन कंपन्यांच्या पार्कांतली पद्धत कागदांची. आयबीसीसीईएस या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट अर्ज करून 'ॲक्सेसिबिलिटी कार्ड' काढावं लागतं. भेटीच्या निदान ४८ तास आधी अर्ज करा; तज्ज्ञाचं पत्र किंवा तत्सम कागद जोडावा लागतो. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, अलीकडच्या तारखेचं घ्या, आणि त्यात निदानाबरोबर 'रांगेत थांबण्यात काय अडचण येते' ही ओळ आवर्जून लिहून मागा. नुसतं निदान लिहिलेलं पत्र इथेही तोकडं पडतं. कार्ड मिळालं म्हणजे सवलत मिळाली असं नसतं. तो क्रमांक दाखवून पार्ककडून मंजुरी घ्यावी लागते. युनिव्हर्सल ऑरलँडोत रांग ३० मिनिटांपेक्षा कमी असेल तर एक्स्प्रेस दारातून लगेच सोडतात. जास्त असेल तर परतीची वेळ देतात. लहान रांगांसाठी ही पद्धत डिस्नेपेक्षा उदार आहे.

नकार आला तर

'डास द्याच' असा हट्ट धरू नका. विचारा: 'या गरजेसाठी तुम्ही दुसरं काय देऊ शकता?' उत्तर कर्मचाऱ्याच्या पदासकट, तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर पर्यवेक्षकाशी बोलू द्या म्हणा. तरीही अन्याय झाला असं वाटलं तर अमेरिकेच्या न्याय विभागाकडे त्यांच्या संकेतस्थळावरून तक्रार करता येते. १९९० चा अपंगत्व कायदा पर्यटकांनाही लागू आहे. नागरिकत्व लागत नाही. या केंद्रीय कायद्याखाली खासगी दाव्यात भरपाई मिळत नाही, फक्त सुधारणेचा आदेश मिळतो. कॅलिफोर्निया राज्याच्या 'अनरू' या नागरी हक्क कायद्यात मात्र प्रत्येक उल्लंघनासाठी किमान ४,००० डॉलरची तरतूद आहे.

आपल्याकडच्या पार्कांसाठी

खोपोलीजवळच्या इमॅजिका किंवा बंगळुरूच्या वंडरलासारख्या ठिकाणी जाण्याआधी दोन-तीन दिवस ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या: परतीची वेळ मिळेल का, सोबत किती जण, कोणत्या राइडवर खुर्ची जाते, शांत जागा कुठे आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाजवी सोय' ही संकल्पना आहे आणि खासगी आस्थापनाही त्याच्या कक्षेत येतात. सुलभतेचे नियम नुसते शिफारशींसारखे न ठेवता बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला बजावलं. महाराष्ट्रातली तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते.

आणि कुणा व्यवस्थापकाला ही सोय उभी करायची असेल तर ॲपही लागत नाही. डिस्नेची पहिली डाससुद्धा कागदी कार्डावरच चालत होती. जाड कागदाची चिठ्ठी छापा. तिच्यावर व्यक्तीचा फोटो किंवा नाव, तारीख, सोबतच्यांची संख्या, आणि खाली रकाने: राइड, आत्ताची वेळ, पाटीवरची प्रतीक्षा, परतीची वेळ, सही. सही करणाऱ्याने पाटीतून १० मिनिटं वजा करून वेळ लिहावी. आधीचा रकाना वापरला किंवा खोडला नसेल तर नवा भरू नये. शाईचा रंग रोज बदला, नाहीतर कालची चिठ्ठी आज फिरते. चिठ्ठी राइडच्याच गर्दीत देऊ नका. त्यासाठी सावलीत, बसायला बाकं असलेली वेगळी खिडकी ठेवा, नाहीतर चिठ्ठीसाठीच रांग लागेल. राइड बंद पडली तर वेळ टळून गेलेल्या चिठ्ठ्याही त्या दिवसभर चालतील हे दारावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला सकाळीच सांगून ठेवा, कारण बिघाडानंतर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त गोंधळ यावरूनच होतो.